काचेची भट्टी: तापवणं सोपं, थंड करणं अवघड

शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजच्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन वस्ती सापडली, आणि तिथेच मडकी भाजायची गोल भट्टीही. तिथल्या जोर्वे शैलीच्या भांड्याला टिचकी मारली की ते खणखणतं, इतकी ती आच पक्की. पुणे जिल्ह्यात काचही जुनीच. तळेगावचा पैसा फंडाचा काच कारखाना 1908 चा.

आज शिरूर-दौंडकडे कुणी काचेसाठी विजेची छोटी भट्टी मांडली, तर पहिली भाजणी रिकामीच काढावी, आणि तीही सावकाश. नव्या विटांत ओल असते. घाईने तापवलं की वाफ वीट फोडते. भट्टीतल्या फळीवर काओलिन आणि अॅल्युमिनाचा लेप हवा, नाहीतर काच तिला कायमची चिकटते.

खिडकीची काच साधारण 700 अंशांना लवते, 800 च्या पुढे दोन तुकडे एकजीव होतात. इथवर कुणालाही जमतं. खरी कसोटी उतरताना. बाहेरचा थर आधी थंड होऊन आकसतो, आतला मागे राहतो. ही ओढाताण काचेत अडकून बसते आणि वस्तू आठवड्यानेही तडकते. म्हणून 550 अंशांच्या आसपास थांबून मग हळूहळू उतरायचं. जाडी दुप्पट, तर वेळ चौपट! मध्येच वीज गेली तर झाकण मात्र उघडू नये. जाड विटा उष्णता धरून ठेवतात.

बाटलीची आणि खिडकीची काच एकत्र भाजायचा मोह टाळा. दोन्हींचं आकसणं वेगळं असलं, तर जोड सुटतो.