झूम १२५ पट, पक्षी जिथल्या तिथे

"यात एक किलोमीटरवरचा पक्षी येतो म्हणे!"

भोसरीच्या वर्कशॉपमध्ये, चाकण एमआयडीसीतल्या चहाच्या टपरीवर, मोशीच्या सोसायटीत, कुठेही सुपरझूम कॅमेऱ्याचा विषय निघाला की हे वाक्य येतंच. पुढचं वाक्यही ठरलेलं असतं: "मग त्या मोठ्या लेन्सवर लाखो रुपये कशाला घालायचे?" आणि मग मोबाइल पुढे सरकवून चंद्राचा व्हिडिओ दाखवला जातो. साधा चंद्र, झूम, झूम, झूम, आणि पडदाभर विवरं. आता काय बोलणार!

बोलण्यासारखं बरंच आहे. त्यातलं पहिलं त्या "एक्स"बद्दल. १२५ एक्स म्हणजे १२५ पट जवळ, असं दुकानदारही सांगतो आणि गिऱ्हाईकही मानतं. तसं नाही. झूमच्या लांबच्या टोकाच्या आकड्याला रुंद टोकाच्या आकड्याने भागलं की एक्स मिळतो. २०१८ साली आलेला निकॉनचा पी१००० हा २४ मिमीपासून ३००० मिमीपर्यंत जातो. ३००० भागिले २४, उत्तर १२५. हाच कॅमेरा २४ ऐवजी २० मिमीपासून सुरू झाला असता तर तो १५० एक्स ठरला असता, आणि इंद्रायणीकाठची टिटवी तसूभरही जवळ आली नसती. पक्षी टिपणारे हौशी लोक जी १५०-६०० मिमीची अवजड लेन्स खांद्यावर वागवतात, ती या हिशेबाने अवघी ४ एक्स. आकड्यांची स्पर्धा लावायची तर ती बिचारी पहिल्याच फेरीत बाद.

डोळ्याशी तुलना करायची असेल तर साधारण ५० मिमी हा आधार धरतात. त्या मापाने ३००० मिमी म्हणजे ६० पट. हेही थोडं नाही. पक्षीनिरीक्षकांची दुर्बीण ८ किंवा १० पटीची असते. पण हे ३००० मिमीदेखील प्रत्यक्षातले नव्हेत. निकॉनचाच तांत्रिक तक्ता उघडून बघा: लेन्सची खरी फोकल लेंथ ४.३ ते ५३९ मिमी आहे. ३००० हा फुल-फ्रेम कॅमेऱ्याशी तुलना करून काढलेला समतुल्य आकडा. तो निघतो कारण आतला सेन्सर चिमुकला आहे. साधारण ६.२ बाय ४.६ मिमी, म्हणजे क्षेत्रफळ २८ चौरस मिमीच्या आसपास. फुल-फ्रेमचा सेन्सर ३६ बाय २४, म्हणजे ८६४ चौरस मिमी. सुमारे तीसपट फरक. लेन्सने उभ्या केलेल्या दृश्याचा फक्त मधला तुकडा त्या चिमुकल्या सेन्सरवर पडतो, म्हणून पक्षी चौकटभर दिसतो.

चौकटभर दिसतो, हे कबूल. पण त्याची पिसं दिसतात का? खरा गैरसमज इथे आहे.

प्रकाश गोल छिद्रातून गेला की बिंदूची प्रतिमा बिंदू राहत नाही, तिची बारीक चकती होते. जॉर्ज एअरी या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने १८३५ मध्ये तिचं गणित मांडलं, आणि आजवर कुठल्याही कंपनीला त्यातून सुटका मिळालेली नाही. चकती किती मोठी, हे एफ-क्रमांकावर ठरतं. पी१००० पूर्ण झूमवर एफ ८ ला येतो. तिथे हिरव्या प्रकाशाची चकती सुमारे १०.७ मायक्रॉन व्यासाची होते. आता पिक्सेल बघू. सेन्सरच्या ६.१७ मिमी रुंदीत ४६०८ पिक्सेल बसवलेत, म्हणजे एक पिक्सेल १.३४ मायक्रॉनचा. टिटवीच्या डोळ्यातली जी चमक एका पिक्सेलात मावायला हवी, ती आठ पिक्सेल रुंद चकती होऊन पसरते. कॅमेऱ्याचे १६ मेगापिक्सेल खरेच आहेत, फक्त त्यातला प्रत्येक जण शेजाऱ्याचंच वाचून दाखवतोय.

मायक्रॉन म्हणजे काय, हे भोसरी-चाकणच्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. त्यामुळे त्यालाच विचारतो: ०.०२ मिमी लीस्ट काउंटच्या व्हर्निअरवर भिंग धरलं, तर तो ०.००१ मोजायला लागतो का? रेघा जाड दिसतील, वाचायला सोप्या जातील, पण माप तेच राहील. क्वालिटीत काम करणारा माणूस असलं रीडिंग कागदावर घेणार नाही. तोच माणूस रविवारी ३००० मिमीवर काढलेला पुसट खंड्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकतो आणि लिहितो, "क्वालिटी बघा."

तपशील किती पकडला जाईल हे ठरवण्यात मोठा वाटा असतो प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राच्या व्यासाचा. तो काढणं सोपं आहे: खरी फोकल लेंथ भागिले एफ-क्रमांक. पी१००० ला ५३९ भागिले ८, म्हणजे ६७ मिमी. सोनीचा आरएक्स१० मार्क ४ हा २०१७ चा ब्रिज कॅमेरा (म्हणजे लेन्स न बदलता येणारा सुपरझूम) फक्त ६०० मिमी समतुल्यपर्यंत जातो. त्याची खरी फोकल लेंथ २२० आणि एफ ४, म्हणजे ५५ मिमी. ३००० आणि ६०० या आकड्यांत पाचपट अंतर. छिद्रांत मात्र ६७ आणि ५५ एवढंच. सोनीचा सेन्सर १३.२ बाय ८.८ मिमीचा, पिक्सेल मोठे, त्यामुळे तो आपल्या छिद्राचा पुरता फायदा उचलू शकत नाही, हेही खरं. ते धरून हिशेब केला तरी निकॉनची आघाडी दुपटीच्या आसपास थांबते. आणि व्यावसायिकांच्या ६०० मिमी एफ ४ लेन्सचं छिद्र १५० मिमीचं असतं. तिची किंमत त्या काचेची आहे. झूम तर तिला मुळीच नाही.

ही झाली प्रयोगशाळेतली गोष्ट. आपल्या पट्ट्यात तिच्यावर हवेचं पाणी पडतं.

मार्चच्या दुपारी तळेगाव-चाकण रस्त्यावर उभं राहून लांब बघा. डांबराच्या वर हवा हलताना नुसत्या डोळ्यांनी दिसते. पत्र्याच्या शेड, काँक्रीटचं यार्ड, नांगरून पडलेली काळी जमीन, सगळं तापतं. तापलेली हवा विरळ, थंड हवा दाट, आणि दोन्हींतून जाताना प्रकाश वेगवेगळा वाकतो. पक्षी २०० मीटरवर असेल तर ही उकळती हवा २०० मीटर जाडीचं भिंग होऊन मध्ये उभी असते, आणि ६० पट झूम तिचं उकळणंही ६० पट मोठं करून दाखवतो. ट्रायपॉड लावून उपयोग नाही, कारण हात हलत नसून हवा हलते आहे. रॉ फाइलमध्ये काढूनही नाही, कारण तपशील सेन्सरपर्यंत पोचलेलाच नाही. कॅमेरा सर्व्हिस सेंटरला नेऊन "फोकस बिघडलाय" म्हणणारे लोक मला माहीत आहेत. फोकस उत्तम असतो. वेळ चुकलेली असते.

मग चंद्र कसा येतो? फार छान प्रश्न, आणि तो विचारणाऱ्याने उत्तर ऐकायला थांबावं. चंद्रावर थेट ऊन पडलेलं असतं, म्हणून रात्र असूनही तो झगझगीत विषय आहे. कमी आयएसओ आणि वेगवान शटर सहज मिळतं. तो डोक्यावर असताना दाट हवेचा थर आपण उभा छेदतो आणि काही किलोमीटरांत त्यातून बाहेर पडतो. नदीपलीकडची टिटवी बघताना मात्र आपली नजर जमिनीला चिकटून, सर्वांत तापलेल्या थरातून आडवी जाते. शिवाय चंद्र उडून जात नाही. चंद्राचा व्हिडिओ चंद्राबद्दल खरा आहे. पक्ष्याबद्दल तो काहीच सांगत नाही.

प्रकाशाचा हिशेबही एकदा मांडून टाकू. पी१००० रुंद टोकाला एफ २.८ असतो, लांब टोकाला एफ ८. म्हणजे झूम करत गेलो की सेन्सरवरचा प्रकाश आठपट कमी होतो. लख्ख उन्हात आयएसओ १०० वर एफ ८ ला शटर साधारण सेकंदाचा ४०० वा भाग मिळतो, छानच. पण खंड्या बसतो करंजाच्या सावलीत. तिथे प्रकाश आठपट कमी, तेव्हा तोच शटर ठेवायला आयएसओ ८००. पहाटेची वेळ किंवा गर्द झाड असेल तर ३२००. एवढ्याशा सेन्सरवर ३२०० म्हणजे पिसांच्या जागी रंगीत वाळू, आणि ती वाळू पुसायला कॅमेऱ्याने स्वतःच फिरवलेला बोळा.

एवढं ऐकल्यावर उलट टोकाचा गैरसमज बोलायला लागतो: "म्हणजे ब्रिज कॅमेरा हे खेळणंच ना?" हेही मला तितकंच खटकतं. रावेतच्या बंधाऱ्यापाशी पवनेवर, किंवा मोशी-चिखलीकडे इंद्रायणीवर हिवाळ्याच्या सकाळी गेलात, तर शेकाटे, पाणकावळे, बगळे, तुतवार पंधरा-वीस मीटरवर मिळू शकतात. त्या अंतरावर, पाठीमागून कोवळं ऊन असताना, ६०० ते १२०० मिमीत हा कॅमेरा सुरेख फोटो देतो. तुतवारांच्या जातींत पायांचा रंग, चोचीची लांबी, भुवईची पट्टी यांवरून ओळख ठरते, आणि दुर्बिणीतून बघून घरी येईपर्यंत त्यातलं निम्मं विसरायला होतं. ई-बर्डवर वेगळी नोंद केली की तपासणारा स्वयंसेवक पुरावा मागतो. त्याला भिंतीवर लावायला फोटो नको असतो; पुसट असला तरी पायांचा रंग दाखवणारा फोटो चालतो. या कामाला किलो-दीड किलोचं, एका पट्ट्यावर लटकणारं यंत्र हे मोठ्या लेन्सपेक्षा सोयीचं, कारण ते बरोबर असतं. मोठी लेन्स बहुतेक वेळा घरी कपाटात असते.

आणि जवळ जाणं म्हणजे पक्ष्याच्या अंगावर चालून जाणं नव्हे. चाकणच्या आसपास माळरानाच्या कच्च्या रस्त्यांवर तारेवर नीलपंख किंवा कापशी बसलेली दिसते. तुम्ही दार उघडून उतरलात की ती उडते. इंजिन बंद करून गाडीतच बसलात, खिडकीवर तांदळाची छोटी पिशवी टाकून तिच्यावर कॅमेरा टेकवलात, तर पुष्कळदा तिथेच राहते. शंभर मीटरवरून ३००० मिमी मारण्यापेक्षा पंचवीस मीटरवरून ८०० मिमी शतपटीने बरं. शिवाय ३००० मिमीवर १०० मीटर अंतरावरची चौकट जेमतेम १.१५ मीटर रुंद असते. तिच्यात तारेवरचा पक्षी शोधेपर्यंत तो दुसऱ्या खांबावर गेलेला असतो.

उरलेल्या समजुती भराभर. डिजिटल झूम: बंद करून टाका, घरी कातरी लावलेली परवडते. मोबाइलचा १०० एक्स: बहुतांश डिजिटलच. "ब्रिज कॅमेऱ्याने उडता पक्षी मिळत नाही": कुठल्या ब्रिज कॅमेऱ्याने, ते आधी सांगा. पी१००० चा फोकस कॉन्ट्रास्ट पद्धतीचा, आणि सलग ७ फोटो काढले की तो थांबतो, तेव्हा पाकोळ्यांचा नाद सोडा. आरएक्स१० मार्क ४ मध्ये फेज-डिटेक्ट फोकसचे ३१५ बिंदू आहेत आणि तो सेकंदाला २४ फोटो काढतो. त्याला घार अवघड नाही. "झूम असल्यामुळे घरट्याला त्रास होत नाही": फांद्या बाजूला करून दृश्य मोकळं करणारे हेच लोक असतात, उघडं पडलेलं घरटं मग कावळ्यालाही दिसतं.

बिबट्याबद्दल मात्र एका ओळीत भागणार नाही. खेड, जुन्नर, आंबेगाव, शिरूरच्या उसातले बिबटे आपल्या पट्ट्याला नवे नाहीत. मार्च २०२२ मध्ये चाकणच्या मर्सिडीज-बेंझच्या कारखान्यात एक शिरला होता. वनविभाग आणि वाइल्डलाइफ एसओएसच्या पथकाने त्याला बेशुद्ध करून बाहेर काढलं. अशी बातमी आली की "लांबूनच झूम करतो" म्हणत कॅमेरेवाले निघतात. बिबट्या हिंडतो संध्याकाळनंतर, आणि एफ ८ ला, चिमुकल्या सेन्सरवर, अंधारात काय येतं ते वर सांगून झालंय. फोटो मिळत नाहीच. वर भूल देणाऱ्या माणसासमोर पन्नास जणांचं कडं उभं राहतं आणि जनावराची निसटायची वाट बंद होते. लांबून उभं राहिलेली गर्दी ही गर्दीच असते. उसातला बिबट्या टिपायचं साधन म्हणजे ट्रॅप कॅमेरा, आणि तो बसवणं वनविभागाचं काम.

एक समजूत विकत घेण्याआधी काढून टाकायला हवी: "लेन्स बदलावी लागत नाही, म्हणजे धूळ आत जात नाही." झूम करताना लेन्सची नळी बाहेर येते आणि आत-बाहेर होताना हवा ओढते-सोडते. पी१००० ला धूळ-पाण्यापासून संरक्षण देणारी सीलबंद बांधणी नाही, आणि चाकण चौकातली धूळ कशी असते हे निराळं सांगायला नको. डीएसएलआरमध्ये सेन्सरवर कण बसला तर लेन्स काढून ब्लोअर मारता येतो. इथे लेन्स निघतच नाही, सगळा कॅमेरा खोलावा लागतो. वापरलेला कॅमेरा घेत असाल तर पांढऱ्या भिंतीचा किंवा निरभ्र आकाशाचा एक फोटो पूर्ण झूमवर काढून बघा. काळे ठिपके दिसले तर किंमत ठरवताना खोलण्याचा खर्च धरा.