ओंडक्याचं घनफळ आणि आठवीतलं कॅल्क्युलस

सीईटीचा निकाल लागला की नागपुरात पुढच्या बॅचची चौकशी सुरू होते, आणि ती आता अकरावीपाशी थांबत नाही. ‘फाउंडेशन’च्या नावाखाली आठवी-नववीतली मुलं डेरिव्हेटिव्हचे नियम घोकू लागली आहेत. पालकांना त्यात हुशारी दिसते. मला ती मुलांवर लादलेली घाई वाटते.

सीईटीत गणिताचे 50 प्रश्न 90 मिनिटांत सोडवायचे, म्हणजे एकाला 108 सेकंद. या घड्याळावर शिकवलं की एक्सच्या वर्गाचं डेरिव्हेटिव्ह दोन एक्स हे पाठ होतं. ते का, हे विचारायला सवड उरत नाही.

कॅल्क्युलसमागचा हा ‘का’ समजून घ्यायला लकडगंजच्या लाकूडबाजारासारखी जागा नाही. समजा, सागाचा ओंडका 10 फूट लांब आहे. घेर बुंध्याकडे 5 फूट, शेंड्याकडे 3 फूट. लाकूड मोजायची जुनी रीत अशी: मधला घेर घ्यायचा, इथे 4 फूट, त्याच्या चौथाईचा वर्ग करून लांबीने गुणायचं. उत्तर 10 घनफूट. पण ओंडका गोल आहे. मधल्याच घेरावरून वर्तुळाचा हिशेब केला तर 12.73 घनफूट भरतात. हा साडेएकवीस टक्क्यांचा फरक साल आणि चिराईतल्या घटीपोटी सोडला जातो.

आता निमुळतेपणाचं काय? अख्खा ओंडका बुंध्याइतकाच जाड धरला तर 19.9 घनफूट येतात, उघडच जास्त. त्याचे मनातल्या मनात सारखे दहा काप करा, प्रत्येकाचा जाड बाजूचा घेर धरा आणि बेरीज घ्या: 13.64. शंभर काप केले तर 13.06. काप वाढवत गेलं की बेरीज 13 च्या अगदी किंचित खाली जाऊन ठरते. तेच इंटिग्रेशन. सातवीतल्या मुलालाही हे आकडे वहीत मांडता येतील, आणि एकही सूत्र पाठ करावं लागणार नाही.

ही दृष्टी आपल्याकडे जुनी आहे. भास्कराचार्यांनी 1150 च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त ग्रहाच्या तात्कालिक गतीचा विचार केला, गोलाचं पृष्ठफळ त्याचे बारीक भाग कल्पून काढलं. चाळीसगावजवळच्या पाटण इथल्या शिलालेखात, त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी नातू चांगदेवाने मठ स्थापल्याची नोंद आहे.

आणि ज्यांना मूल ‘पुढे’ न्यायचंच आहे, त्यांनी गणित ऑलिम्पियाडचा अभ्यासक्रम पाहावा. देशातल्या सर्वांत तल्लख शाळकरी मुलांच्या या परीक्षेत कॅल्क्युलस नाही. तिथे संख्यासिद्धांत, भूमिती, बीजगणित आणि संयोजन आहे. एकेका प्रश्नाशी बराच वेळ झुंजावं लागतं. फाउंडेशनचा खरा पाया तोच.

कॅल्क्युलस जरूर शिकवावं, खोलवर शिकवावं, पण अकरावी-बारावीत. एनसीईआरटीचं बारावीचं पुस्तक इंटिग्रलचे उपयोग सांगताना क्षेत्रफळापाशीच थांबतं. शिक्षकांनी त्यापुढे घनफळापर्यंत जावं, आणि आठवीच्या मुलांना एक फीत देऊन आरामशीनवर न्यावं.