इमॅजिका वाढणार म्हणे!

कर्जतहून खोपोलीची गाडी पकडली की पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी अशी छोटी छोटी स्टेशने लागतात. एवढ्या वेळात डब्यात एक विषय हमखास निघतो. "इमॅजिका वाढणार म्हणे!" कोणी सांगतो, नायट्रोपेक्षाही उंच रोलर कोस्टर येणार. कोणी म्हणतो, दुसरे हॉटेल होणार. एका गृहस्थांनी तर डिस्नेचे लोक जागा पाहून गेल्याचे छातीठोकपणे सांगितले. कोणी पाहिले, असे आम्ही विचारले तेवढ्यात डोलवली आले आणि ते उतरून गेले.

गप्पा म्हणून हे सारे ठीक आहे. परंतु गेल्या महिन्यात याच गप्पा खोपोलीतल्या आमच्या परिचयाच्या एका घरात शिरल्या आणि त्या घराच्या आयुष्यभराच्या कमाईला जाऊन भिडल्या, म्हणून हा लेख.

घरचे कर्ते गृहस्थ कारखान्यात हेल्पर म्हणून लागले आणि फिटर म्हणून निवृत्त झाले. फंडाचे व ग्रॅच्युइटीचे पैसे बँकेत जमा झाले. पैसे आले की माणसे येतात, तसा जमिनीचा एक एजंट आला. पाली रस्त्याला तीन गुंठ्यांचा प्लॉट, पार्कच्या अगदी जवळ. पार्क दुप्पट होणार, पाच वर्षांत भाव पाचपट होणार. पन्नास हजार विसार द्यायचे जवळजवळ ठरले होते. वहिनींना ते पटेना. त्यांनी निरोप धाडला, "दादा बी.कॉम. आहेत, कचेरीत कागदच बघतात. एकदा येऊन जा म्हणावं."

आम्ही रविवारी गेलो. जयभीम, चहापाणी झाले. घरात आणखी एक तज्ज्ञ बसलेला होता. तो म्हणजे वहिनींचा भाचा नव्हे, गृहस्थांच्या बहिणीचा मुलगा, बारावीत शिकणारा. एजंटाच्या बोलण्याला खरे बळ या पोराने दिले होते. पार्क वाढणार, हे तो दोन वर्षे मामांना सांगत होता. त्याची दोनशे पानी वही आहे. शाळेच्या सहलीत एकदा आणि मित्रांबरोबर एकदा असा दोनदाच तो आत गेला आहे, पण पार्कचा कोपरान् कोपरा त्याला पाठ आहे. नायट्रोची उंची १३२ फूट, वेग ताशी १०५ किलोमीटर, पाच वेळा माणूस उलटा होतो, पायाखाली फळीसुद्धा नाही, स्वित्झर्लंडच्या कंपनीने बनवलेला. हे सगळे तो एका दमात सांगतो. कोणत्या बाजूला मोकळी जागा आहे, पाली रस्त्याच्या एस.टी.तून कुठे माती उकरलेली दिसली, हे तारखेसह वहीत टिपलेले आहे.

त्याचा तर्कही पोरकट नव्हता, हे आम्हांला मान्य करावे लागले. तो म्हणाला, "काका, एकदा आलेला माणूस परत यायला पाहिजे, तर पार्कवाल्यांना दर काही वर्षांनी नवीन काहीतरी दाखवावंच लागतं. जगात सगळीकडे तसंच आहे. इथंही बघा. २०१३ ला पार्क सुरू झालं, २०१४ ला वॉटर पार्क, २०१५ ला हॉटेल, २०१६ ला स्नो पार्क. दरवर्षी एक. आता मोठ्या कोस्टरची पाळी."

आम्ही त्याला एवढेच विचारले, "बाळ, दरवर्षी एक येत होते, तर ती ओळ २०१६ ला का थांबली?"

त्याच्या वहीत याचे उत्तर नव्हते. ते कंपनीच्या हिशेबात होते. हिशेब वाचण्याची आम्हांला सवय आहे, आणि शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचे कागद कोणालाही पाहता येतात.

मनमोहन शेट्टी यांनी खालापूर तालुक्यात सांगडेवाडीला हे पार्क उभारले. तेव्हा त्याचे नाव अॅडलॅब्ज इमॅजिका होते. खर्च सोळाशे कोटींच्या आसपास झाल्याचे त्या वेळी छापून आले होते. त्यातला मोठा भाग बँकांच्या कर्जाचा. मार्च २०१५ मध्ये कंपनीने शेअर विक्रीला काढले, परंतु मागणी कमी पडल्याने किंमत खाली आणावी लागली आणि शेवटी १८० रुपयांना शेअर दिले गेले. म्हणजे नवे हॉटेल व बर्फाचे पार्क होत होते तेव्हाच तिजोरी ओढग्रस्त होती. बाहेरून पाहणाऱ्याला बांधकाम दिसते. व्याज कोणाला दिसत नाही.

पार्कच्या धंद्याची गंमत अशी की माणसे येवोत न येवोत, खर्च ठरलेला असतो. कोस्टर रोज तपासावा लागतो, बर्फाच्या खोलीला रात्रंदिवस वीज लागते. गर्दी मात्र मे महिन्याची, दिवाळीची आणि हिवाळ्यातल्या शाळांच्या सहलींची. आपल्या खालापूरचा पाऊस वाचकांना सांगायला नको. त्या महिन्यांत उघड्यावरचे झोपाळे ओले राहतात आणि व्याजाचा हप्ता मात्र चुकत नाही. भरीला २०१७ साली जी.एस.टी. आला तो अशा पार्कांवर २८ टक्के. जानेवारी २०१८ मध्ये तो १८ वर आला. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या टाळेबंदीने फाटकच बंद झाले.

शेवटी २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाने पैसा घालून कंपनी ताब्यात घेतली आणि बँकांनी कर्जाच्या मोठ्या भागावर पाणी सोडून तडजोड केली. (बचत गटाचा एक हप्ता थकला तर दारात येऊन बसणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. मोठ्या कर्जाला मात्र तडजोड असते. असो.)

पोरगा गप्प ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे आता कर्ज कमी झालं. मग आता तर वाढेलच की!"

चांगला प्रश्न होता. कंपनी वाढत आहे हे खरेच आहे. मालपाणी समूहाची लोणावळ्याची व शिर्डीची वॉटर पार्क आणि शिर्डीचे साईतीर्थ आता याच कंपनीच्या छत्राखाली आले आहेत. अहमदाबादला साबरमती नदीच्या काठी मनोरंजन पार्क उभारण्याचे काम २०२४ मध्ये याच कंपनीला मिळाले. कंपनी वाढते, पण ती सांगडेवाडीतच वाढली पाहिजे असे तिच्यावर कोणते बंधन आहे? ज्या मालकाने वॉटर पार्कांवर जम बसवला, तो शंभर-दीडशे कोटी एका कोस्टरमध्ये घालण्याऐवजी चार गावांत चार तळी बांधील, असा आमचा अंदाज. तो चुकूही शकतो; आमचाही अंदाजच. पोराला हे आवडले नाही. नायट्रोला जोडीदार पाहिजे, हे त्याचे म्हणणे कायम आहे.

आता मामांचा प्लॉट. इथे आम्ही जरा आवाज चढवून बोललो, कारण एजंटाने गोष्ट उलटी सांगितली होती.

अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात ऑर्लँडो गावाजवळ वॉल्ट डिस्ने यांनी १९६० नंतरच्या दशकात जमीन घेतली, ती स्वतःच्या नावाने नव्हे. निरनिराळ्या कंपन्यांची नावे पुढे करून गुपचूप हजारो एकर घेतले. सुरुवातीला एकराला दोनशे डॉलरसुद्धा पडले नाहीत. ऑक्टोबर १९६५ मध्ये वर्तमानपत्रात नाव फुटले आणि आजूबाजूच्या जमिनीचे भाव आकाशाला भिडले. ज्यांनी आधी विकली ते हात चोळत बसले. एजंट लोक सांगतात ती गोष्ट या जातीची. परंतु तिथे गुपित आधी होते आणि पार्क नंतर आले. आपल्याकडे पार्क होऊन दहा-बारा वर्षे उलटली. भाव चढायचा तो पहिल्या फेरीत चढून गेला.

दुसरे असे, की इमॅजिकाने जमीन घेतली तीच जवळजवळ तीनशे एकर. पार्क, वॉटर पार्क, हॉटेल हे सगळे धरूनही त्यातली बरीचशी उरली होती आणि शेअर विक्रीच्या वेळच्या कागदांत ती जादा जमीन म्हणून वेगळी दाखवलेली होती. पुढे कर्ज उतरवण्यासाठी हीच जादा जमीन विकण्याच्या हालचाली कंपनीने केल्या. जिला स्वतःची जमीन विकायची वेळ येते, ती कंपनी मामांचे तीन गुंठे पाचपट भावाने कशासाठी घेईल? आम्ही हे बोललो तेव्हा वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभ्या राहिल्या.

मामांचा मुद्दा रेल्वेचा होता. पनवेल–कर्जत उपनगरी मार्ग २९.६ किलोमीटरचा. वावर्ल्याचा बोगदाच अडीच किलोमीटरहून लांब. चिखले, मोहोपे, चौक ही मधली स्टेशने. शिवाय ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. या गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांनी पनवेल, चौक, कर्जत बदलेल यात शंका नाही. पण हा मार्ग सांगडेवाडीला जात नाही. पार्कचे गिऱ्हाईक द्रुतगती महामार्गाने मोटारीने आणि सहलीच्या बसने येते. कर्जतच्या स्टेशनवरचा भाव पाली रस्त्याच्या माळाला लावून एजंट हिशेब करतात, तो कोणत्याच वहीत बसत नाही.

मोठ्या स्वप्नांना कर्ज कसे खाते हे पाहायला आपल्याला लांब जावे लागत नाही. चौक–कर्जत रस्त्याला नितीन देसाई यांनी २००५ मध्ये एन. डी. स्टुडिओ उभा केला. 'जोधा अकबर'चे राजवाडे तिथे उभे राहिले. परिसरातल्या किती सुतारांना, रंगाऱ्यांना, मजुरांना तिथे काम मिळाले! तिथेही पर्यटकांसाठी पार्क केले होते, तिथेही पुढे काय काय होणार याच्या चर्चा होत्या. कर्जाची वसुली दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणापर्यंत गेली आणि २ ऑगस्ट २०२३ रोजी देसाई यांनी त्याच स्टुडिओत जीवन संपवले. असा कलावंत माणूस! पुढे तो स्टुडिओ सरकारच्या चित्रपट महामंडळाकडे आला. हे नाव निघाले तेव्हा मामा खाली बघत राहिले. त्यांचा एक मित्र तिथे सेटवर लोहारकामाला जात असे.

मग आम्ही मामांना साधे प्रश्न विचारले. गट नंबर काय? सातबारा कोणाच्या नावावर? जमीन बिनशेती आहे का? शेतजमीन घ्यायची तर घेणारा शेतकरी असावा लागतो, १९४८ च्या कुळकायद्यातली ही अट आहे. मामांच्या नावावर कुठे जमीन नाही. दोन-तीन गुंठ्यांचे तुकडे पाडून विकायला १९४७ चा तुकडेबंदी कायदा आडवा येतो. त्यात अलीकडे काही सवलती आल्या आहेत, पण त्या सरसकट नाहीत. तहसील कचेरीत विचारल्याशिवाय एजंटाच्या तोंडावर विश्वास ठेवू नये. आणि आपल्या तालुक्यात ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या गावोगाव आहेत. आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला घेता येत नाही. ज्यांच्याकडून ती काढून घेतली जाते त्यांचा शाप वेगळाच.

मामांनी दुसऱ्या दिवशी एजंटाकडे गट नंबर मागितला. तो चार दिवसांनी मिळाला. सातबारा काढला तर जमीन जिरायत, तीन भावांच्या नावावर, आणि इतर हक्कांत सोसायटीच्या कर्जाचा बोजा. विसार दिला नाही. मामा खूश मात्र नाहीत. एजंट भेटला की सांगतो, तो प्लॉट दुसऱ्याने घेतला, तुमचे नशीब गेले. घेणारा कोण, हे आम्हांला कळले नाही. कळले तर त्याच्याही घरी जाऊन यायचे आहे.

भाच्याने वहीत आता नवे पान पाडले आहे. डावीकडे काय येणार, आणि उजवीकडे पैसा कुठून. बरेचसे जुने अंदाज त्याने स्वतःच खोडले. आम्ही निघताना तो दारापर्यंत आला आणि हळूच म्हणाला, "काका, नायट्रोची रोज तपासणी करतात ती माणसं कोण असतात? आय.टी.आय. करून जाता येतं का?" कंत्राटात की कायम, फंड कापतात की नाही, हेही विचारून ये, असे आम्ही सांगितले. फिटरच्या भाच्याला एवढे विचारता आले पाहिजे.

मोठ्या कोस्टरचा मात्र त्याने नाद सोडलेला नाही. खांबांसाठी खोल पाये खणावे लागतात, ते काम पावसात होत नाही, असे त्याचे म्हणणे. पाऊस उघडला की पाली रस्त्याने एस.टी.तून जाऊन खड्डे दिसतात का ते बघायचे त्याने ठरवले आहे. मामाही बरोबर जाणार आहेत. नुसते बघायला, असे वहिनींनी दोघांकडून कबूल करून घेतले आहे.