मिसूरीच्या काठचे कॉटनवूड

लुईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेचा इतिहास अमेरिकेत वीरगाथेसारखा सांगितला जातो. मात्र त्या मोहिमेची वाट आज कोणी आणि कशी राखली आहे, हा विषय त्या गाथेइतकाच वाचनीय असूनही तुलनेने उपेक्षित राहिला आहे. १८०३ मध्ये फ्रान्सकडून लुइझियानाचा प्रचंड मुलूख विकत घेतल्यावर राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांनी पाठवलेली ही तुकडी मे १८०४ मध्ये सेंट लुईसजवळून निघाली, पॅसिफिक महासागर गाठून सप्टेंबर १८०६ मध्ये परतली, १९७८ मध्ये तिच्या मार्गाला राष्ट्रीय ऐतिहासिक मार्गाचा दर्जा मिळाला आणि २०१९ मध्ये तो पिट्सबर्गपर्यंत वाढवल्याने १६ राज्यांतून जाणारा हा मार्ग सुमारे ७,९०० किलोमीटरचा झाला.

या मार्गावर अभ्यासकांना गुंतवून ठेवणाऱ्या जागा अनेक आहेत. मोंटानातील ट्रॅव्हलर्स रेस्ट येथे तर २००२ च्या उत्खननात तुकडीच्या शौचखड्ड्याच्या मातीत पारा सापडला आणि जवळ बाळगलेल्या पारायुक्त जुलाबाच्या गोळ्यांनी छावणीची नेमकी जागा दोनशे वर्षांनी सिद्ध केली. तथापि, मोहिमेचा सर्वांत मोलाचा साक्षीदार कोणता असे विचारल्यास कॉटनवूड या झाडाचेच नाव घ्यावे लागते. आपल्याकडील नदीकाठच्या वाळुंजाच्याच कुळातला हा पॉप्लर वृक्ष मिसूरी नदीच्या उघड्या गवताळ प्रदेशात सावली, सरपण आणि लाकूड देणारा जवळजवळ एकमेव मोठा वृक्ष होता. जून १८०५ मध्ये ग्रेट फॉल्सच्या धबधब्यांना वळसा घालून होड्या जमिनीवरून ओढून न्याव्या लागल्या, तेव्हा गाड्यांची सुमारे २२ इंच व्यासाची चाके एका कॉटनवूडच्या खोडाचे काप काढून केली गेली. पुढे जुलैत, लुईसने हौसेने आणलेली, लोखंडी सांगाड्यावर कातडी चढवलेली नाव सांधे बुजवायला डांबर न मिळाल्याने गळू लागली, तेव्हाही कॉटनवूडचीच खोडे कोरून दोन होड्या करून वेळ निभावून न्यावी लागली.

हा वृक्ष आता मिसूरीच्या काठी म्हातारा होत चालला आहे, आणि त्याचे कारण कुऱ्हाडीपेक्षा धरणात अधिक आहे. त्याचे बारीक बी सावरीच्या कापसासारखे उन्हाळ्याच्या आरंभी उडते, त्याची उगवणशक्ती जेमतेम काही आठवडे टिकते आणि ते रुजण्यासाठी वसंतातील पूर ओसरल्यावर उघडी पडलेली ओली वाळू लागते. फोर्ट पेकसारख्या धरणांनी हा पूर बोथट केल्यामुळे जुनी झाडे उन्मळतात, परंतु त्यांच्या जागी पोरसवदा रोपे दिसत नाहीत. जी उगवतात त्यांना गुरे आणि बीव्हर, म्हणजे झाडे कुरतडून बांध घालणारा प्राणी, खाऊन टाकतात आणि उरलेल्या जागेत टॅमॅरिस्क, रशियन ऑलिव्ह ही परदेशी झुडपे शिरतात.

मोंटानातील फोर्ट बेंटन गावाच्या खालचा मिसूरीचा १४९ मैलांचा पट्टा १९७६ पासून कायद्याने संरक्षित आहे. तेथे स्वयंसेवक होडीतून रोपे नेतात, त्यांच्याभोवती तारेचे कुंपण घालतात, पाणी घालतात आणि उपटलेली परदेशी झुडपे वाहून नेतात. १९६९ मध्ये स्थापन झालेली आणि ग्रेट फॉल्स येथे मुख्यालय असलेली लुईस अँड क्लार्क ट्रेल हेरिटेज फाउंडेशन ही संस्थाही मार्गाच्या जोपासनेसाठी अनुदाने देते. वर्षानुवर्षे उन्हातान्हात चालणाऱ्या या कामाचा गौरव शिलालेख आणि पुतळ्यांच्या गौरवापेक्षा अधिक रास्त म्हटला पाहिजे.

तरीही हे काम ठिगळाचेच आहे, हे मान्य करावे लागते. २०११ च्या महापुराने डकोटा आणि नेब्रास्काच्या भागात नवी वाळूबेटे घडवली आणि त्यांवर कॉटनवूडची रोपे आपोआप दाट उगवली. माणसांनी हाताने लावलेल्या रोपांना जे साधत नाही, ते नदीने एका हंगामात करून दाखवले. म्हणून या ऐतिहासिक वाटेची खरी राखण करायची असेल, तर रोपवाटिकांइतकेच लक्ष धरणांतून वसंतात सोडल्या जाणाऱ्या पाण्याच्या वेळापत्रकाकडे दिले पाहिजे.