मागे राहिलेले कागद (भाग ७) : फक्त एक सही

मागच्या भागात आपण वारस नोंदीपर्यंत आलो होतो. सातबाऱ्यावर बाईचं नाव लागतं आणि त्याच उताऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात सोसायटीचा बोजा दिसतो. दिवसकार्याला आलेल्यांपैकी कुणीतरी सांगून जातं, "आता हे सगळं तुझ्या डोक्यावर."

डोक्यावर नाही, जमिनीवर. कर्ज नवऱ्याने मागे ठेवलेल्या मालमत्तेला चिकटतं, बायकोला नव्हे.

मुंबई इलाख्यात हा फरक १८६६ साली कायद्यात आला. त्याआधी बापाचं देणं मुलाने फेडायचंच, वारशात दमडी मिळो न मिळो, अशी रीत होती. त्या वर्षीच्या सातव्या कायद्याने वारसाची जबाबदारी हाती आलेल्या मालमत्तेपुरती केली. त्याच कायद्यात एक मजेशीर तरतूद आहे: विधवेशी लग्न करणाऱ्याला तिच्या आधीच्या नवऱ्याचं कर्ज लागू होणार नाही. विधवाविवाहाचा कायदा १८५६चा. दहा वर्षांत सावकार त्या नव्या नवऱ्यांच्या दारापर्यंत पोचले असणार. उगाच कोण असं कलम लिहितं?

आज हेच तत्त्व दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५०मध्ये आहे. समजा, कर्ज नऊ लाखांचं आणि मागे उरलं चार लाखांचं. तारण नसेल तर धनको चार लाखांपर्यंतच पोचतो, पुढचे पाच त्याचे बुडाले. मात्र त्या चार लाखांतले दोन लाख मोडून कुणी मुलीचं लग्न उरकलं, तर तेवढ्या रकमेचा जाब स्वतःला द्यावा लागतो. म्हणून नवऱ्याच्या पैशाला हात लावण्याआधी वही घाला.

मृत्युपत्र असेल तर वाटपाचा क्रम भारतीय उत्तराधिकार कायद्याने, १९२५ सालीच, लावून दिला आहे. आधी अंत्यविधी आणि शेवटच्या आजारपणाचा खर्च. मग प्रोबेटचा, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा शिक्का मिळवण्याचा खर्च. मुंबई, कोलकाता, चेन्नईत हा शिक्का अनेक दशकं सक्तीचा होता. मग घरगड्याची किंवा मजुराची शेवटच्या तीन महिन्यांची थकलेली मजुरी. मला हा क्रम आवडतो: भांडी घासणारी बाई क्रेडिट कार्डाच्या आधी येते. त्यानंतर इतर देणी, आणि सगळ्यात शेवटी मृत्युपत्रात ज्यांना काही दिलंय ते.

काही गोष्टी या हिशेबात येतच नाहीत. बायकोचं स्त्रीधन, तिचा पगार. प्रॉव्हिडंट फंडाची नॉमिनीला मिळणारी रक्कम. १८७४च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली नवऱ्याने बायकोच्या नावे काढलेली विमा पॉलिसी. तिथेही धनकोंना हात घालता येत नाही.

गृहकर्जाच्या कागदावर सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून तिची सही असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे ती वारस म्हणून नाही, स्वतःच्या सहीने बांधलेली आहे. कर्जाबरोबर विमा काढला होता का, हे बँकेला पहिल्याच भेटीत विचारा. पुष्कळदा काढलेला असतो आणि घरात कुणाला माहीत नसतं.

आता मार्चअखेरचं. सोसायटीचा गटसचिव येतो, सज्जनच असतो, म्हणतो, "वहिनी, नवं-जुनं करून घेऊ, फक्त एक सही." नवं-जुनं म्हणजे जुनं कर्ज कागदोपत्री फिटतं आणि तेवढंच नवं, तिच्या नावावर, उभं राहतं. कालपर्यंत जे जमिनीवर होतं ते आज खरोखर डोक्यावर येतं. शेती करायची असेल, नवं पीककर्ज हवं असेल, तर ही सही करणं शहाणपणाचंही ठरू शकतं. पण आधी मागणीचा आकडा लेखी घ्या, व्याज वेगळं दाखवायला सांगा, आणि कागद दोन दिवस घरी ठेवून घ्या. आणि बँकेच्या वसुलीवाल्यांचा फोन सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर आला, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे तो यायलाच नको होता. वेळ टिपून ठेवा.