एकास एकचा भ्रम आणि जमिनीत मुरणारे वॅट

कमी वारंवारितेच्या पट्ट्यांवर, विशेषतः 160 मीटर तरंगलांबीच्या पट्ट्यावर, दूरदेशीचे संपर्क साधू पाहणाऱ्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओ मंडळींत एक समज चिवटपणे टिकून आहे: एसडब्ल्यूआर मीटरने 1:1 दाखवले की अँटेना उत्तम झाली. एसडब्ल्यूआर, म्हणजे स्थिर तरंग गुणोत्तर, हे केबलमधून अँटेनाकडे गेलेल्या शक्तीपैकी किती परत फिरते याचे माप आहे. जी शक्ती परत फिरली नाही ती आकाशात गेली की मातीत, हे त्या मापावरून कळण्याचा कोणताही मार्ग नाही. चाचणीसाठी वापरला जाणारा डमी लोड, म्हणजे 50 ओहमचा साधा रोधक, प्रत्येक पट्ट्यावर निर्दोष 1:1 दाखवतो आणि मिळालेली सगळी शक्ती उष्णतेत घालवतो, पण म्हणून त्याला गच्चीवर चढवण्याचे आजवर कोणी सुचवलेले नाही.

160 मीटरवर हा समज सर्वांत महाग पडतो, कारण तेथे पाव तरंगलांबीची उभी अँटेना सुमारे 40 मीटर, म्हणजे बारा-तेरा मजली इमारतीएवढी उंच होते आणि ती उभारणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे असल्यामुळे तार अर्धी उभी व अर्धी आडवी ताणून उलट्या एल आकाराची अँटेना केली जाते. तिचा 20 मीटर भाग उभा असेल, तर प्रारण रोध, म्हणजे आकाशात जाणाऱ्या शक्तीचा हिशेब मांडण्यासाठी कल्पिलेला रोध, सुमारे 18 ओहम भरतो. मात्र उभ्या तारेत वाहणाऱ्या प्रवाहाला परतीची वाट जमिनीतूनच शोधावी लागते आणि मातीचा रोध त्या वाटेवर आपला वाटा कापून घेतो. समजा, केवळ एक अर्थिंगचा दांडा ठोकला असल्यामुळे हा मातीचा रोध 32 ओहम आहे. दोन्हींची बेरीज बरोबर 50 ओहम होते, मीटर 1:1 दाखवते, आणि 100 वॅटपैकी 36 वॅट आकाशात व 64 वॅट जमिनीत जातात. आता अँटेनाच्या पायथ्यापासून चहूकडे जमिनीवर तारा, म्हणजेच रेडियल, पसरून मातीचा रोध 7 ओहमपर्यंत खाली आणला, तर बेरीज 25 ओहम होते, मीटर 2:1 दाखवू लागते, आणि जुळवणीचे मंडल लावून तेच 100 वॅट दिले असता आकाशात 72 वॅट जातात. उत्सर्जन दुप्पट झाले, मीटरवरचा आकडा मात्र बिघडला. आणि हा बिघडलेला आकडा पाहून कष्टाने अंथरलेल्या तारा पुन्हा गुंडाळून ठेवणारे लोक आहेत, यावर काय बोलावे!

अर्थिंगच्या दांड्याविषयीची श्रद्धा हे याच समजाचे दुसरे टोक होय. मीठ आणि कोळसा भरलेला खड्डा घरगुती विजेच्या 50 हर्ट्झसाठी आणि सुरक्षिततेसाठी योग्यच आहे, परंतु 160 मीटर पट्ट्यावरचा 1.8 मेगाहर्ट्झचा प्रवाह जमिनीच्या वरच्या काही मीटरांच्या थरात, अँटेनाभोवती अनेक मीटरांपर्यंत पसरलेला असतो आणि दोन हात लांबीचा दांडा त्याला गोळा करू शकत नाही. हे कोणाचे मत नसून मोजमाप आहे: आरसीए या अमेरिकी कंपनीच्या ब्राऊन, लुईस आणि एप्स्टाईन यांनी 113 पर्यंत रेडियल गाडून केलेल्या क्षेत्रमापनाचे निष्कर्ष 1937 मध्ये प्रसिद्ध केले, आणि मध्यम लहरींच्या प्रसारण केंद्रांसाठी रूढ झालेला 120 रेडियलचा प्रघात त्याच कामावर उभा आहे. अर्थात 120 तारा नसतील तर सुरुवातच करू नये, हाही गैरसमजच; हौशी रेडिओ प्रयोगकर्ते रूडी सेव्हर्न्स यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पहिल्या दीड-दोन डझन तारांनी बहुतेक फायदा पदरात पडतो आणि पुढच्या प्रत्येक तारेचा वाढीव फायदा झपाट्याने घटत जातो असे दिसून आले.

2200 मीटरच्या पट्ट्यावर तर हा भ्रम टिकूच शकत नाही. 135.7 ते 137.8 किलोहर्ट्झचा हा पट्टा 2007 च्या जागतिक रेडिओ परिषदेत हौशींना मिळाला, तो समदिक् प्रभावी उत्सर्जित शक्ती (ईआयआरपी) 1 वॅटच्या आत ठेवण्याच्या अटीवर. पण 15 मीटर उंचीच्या तारेचा प्रारण रोध तेथे ओहमच्या दहाव्या भागाहूनही कमी आणि मातीचा रोध कित्येक ओहम असल्यामुळे, तो एक वॅट बाहेर काढण्यासाठी प्रेषकातून शेकडो वॅट ओतावे लागतात, मग मीटर काहीही दाखवो.

किरकोळ समजही पुष्कळ आहेत. परतलेली शक्ती वाया जाते असे मानले जाते, पण ती जुळवणीच्या मंडलावरून पुन्हा अँटेनाकडे वळते आणि 1.8 मेगाहर्ट्झला चांगल्या केबलमधील जादा ऱ्हास कानाला जाणवतही नाही. ट्यूनर, म्हणजे हेच जुळवणीचे मंडल, अँटेनाला नव्हे, तर प्रेषकाला दिसणाऱ्या भाराला जुळवतो. जमिनीवर अंथरलेल्या रेडियलची लांबी मोजूनमापून पाव तरंगलांबी ठेवण्याची गरज नसते. दहा मीटर उंचीवर टांगलेला 160 मीटर पट्ट्याचा डायपोल, म्हणजे मधोमध जोडणी दिलेली आडवी तार, निरुपयोगी नसतो, पण तो बहुतांश शक्ती सरळ वर फेकत असल्यामुळे काही शे किलोमीटरपर्यंतच चोख काम देतो.

जी अँटेना चांगले पाठवते तीच चांगले ऐकते, हा समज मात्र एका ओळीत निकाली निघण्यासारखा नाही. कमी वारंवारितेवर वळवाच्या विजांचा कडकडाट शेकडो किलोमीटरांवरून येऊन कानावर आदळतो, म्हणून ग्रहण करताना संकेत किती मोठा येतो याला महत्त्व नसून तो गोंगाटाच्या किती वर राहतो याला महत्त्व असते. हॅरोल्ड बेव्हरेज यांनी शोधलेली, जमिनीपासून दोन-तीन मीटरवर शेकडो मीटर ताणलेली तार प्रेषणासाठी जवळजवळ टाकाऊ ठरते, कारण बहुतेक शक्ती तिच्याखालची माती आणि टोकाचा रोधक खातात. तरीही ती एकाच दिशेकडे कान देत असल्यामुळे इतर दिशांचा गोंगाट वगळला जातो. डिसेंबर 1921 मध्ये अमेरिकी हौशी पॉल गॉडली यांनी स्कॉटलंडमधील आर्ड्रोसन येथे अशीच सुमारे 400 मीटर लांबीची तार ताणून अटलांटिकपलीकडच्या अमेरिकी हौशी केंद्रांचे संकेत ऐकले, ते 200 मीटरच्या आसपासच्या तरंगलांबीवर. पाठवणे आणि ऐकणे यांसाठी वेगळ्या तारा बांधणे महाराष्ट्रालाही अपरिचित नाही: 1927 मध्ये इंग्लंडशी सुरू झालेल्या बीम बिनतारी सेवेचे प्रेषण केंद्र खडकीला होते आणि ग्रहण केंद्र दौंडला, जरी ती सेवा लघुलहरींवरची होती.