कॅलिफोर्नियाचे वार्तापत्र : सगळे एकाच रकान्यात

इथे शाळेचा, दवाखान्याचा, नोकरीचा कुठलाही अर्ज भरा, वंश विचारणारा रकाना बहुधा असतोच. आमगावचा पोवार, चेन्नईचा तमिळ, टोकियोचा जपानी आणि लाओसच्या डोंगरातला ह्मॉंग, चौघांचीही खूण ‘एशियन’वर. काही अर्जांत पोटरकाने असतात, पण आकडे जाहीर होतात तेव्हा बेरीज बहुतेक वेळा एकच. गोंदियाच्या वाचकांना अमेरिका सांगायची, तर मी या रकान्यापासून सुरुवात करेन.

याआधीचा रकाना तर अजब होता. १९२० ते १९४० च्या जनगणनांत भारतातून आलेल्या माणसाचा वंश ‘हिंदू’ असा लिहिला जाई. कॅलिफोर्नियाच्या शेतांत राबणारे ते लोक बहुतांश पंजाबी शीख होते, काही मुसलमान. भगतसिंग थिंद हे शीख गृहस्थ पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. १९२३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना नागरिकत्व नाकारलं. कारण एवढंच, की सर्वसामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे ते ‘गोरे’ ठरत नाहीत. त्यानंतर आधी नागरिक झालेल्या अनेक भारतीयांचंही नागरिकत्व काढून घेण्यात आलं.

पण एकत्र मोजलं जाणं प्रत्येक वेळी वाईटच, असं मी म्हणणार नाही. १९६८ मध्ये बर्कलीला युजी इचिओका आणि एमा गी यांनी ‘ओरिएंटल’ हे लादलेलं नाव झुगारून ‘एशियन अमेरिकन’ हे नाव पुढे आणलं. चिनी, जपानी, फिलिपिनो विद्यार्थी त्याखाली एकत्र आले. त्याची गरज १९८२ मध्ये डेट्रॉइटला कळली. जपानी मोटारींमुळे रोजगार जात असल्याचा राग शहरात धुमसत होता आणि त्या रागाच्या भरात दोघांनी व्हिन्सेंट चिन या चिनी वंशाच्या तरुणाचा बेसबॉलच्या दांडक्याने जीव घेतला. राज्याच्या न्यायालयाने त्यांना दंड करून देखरेखीवर सोडलं. तेव्हा रस्त्यावर उतरले ते सगळ्या आशियाई गटांचे लोक.

स्वतः घेतलेलं नावही मात्र दुबळ्याला झाकतं. व्हिएतनाम युद्धानंतर निर्वासित म्हणून आलेल्या ह्मॉंग आणि कंबोडियन घरांची गरिबी भारतीय-चिनी अभियंत्यांच्या पगारात मिसळली की दिसेनाशी होते. वर ‘आदर्श अल्पसंख्याक’ असं कौतुक. विल्यम पीटरसन यांच्या १९६६ च्या लेखात ते फक्त जपानी अमेरिकनांचं होतं, पुढे सगळ्या आशियाईंना चिकटलं. या कौतुकाने कितीतरी गरजू मदतीच्या यादीतून गळाले, याचा मला मनापासून राग येतो. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा करून आरोग्य खात्याला आशियाई गटांचे आकडे वेगवेगळे द्यायला लावले. त्यासाठी झगडणाऱ्यांत हेच छोटे समाज होते.

हे वाचताना आपल्याकडच्या गोवारींची आठवण होणारच. गायी राखणारा, दिवाळीत ढाल नाचवणारा हा समाज. अनुसूचित जमातींच्या यादीत ‘गोंड गोवारी’ आहे. ते आम्हीच, असं गोवारी म्हणत आले. ही मागणी घेऊन २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपूरच्या विधानभवनावर गेलेल्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जण मेले. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांचं म्हणणं मान्य केलं. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवलं आणि दोन्ही समाज वेगळे ठरवले. इथले ह्मॉंग रकान्यातून वेगळे निघू पाहतात, गोवारी रकान्यात शिरू पाहतात. दोघांचंही मागणं एकच आहे : आमच्या घरात काय आहे, काय नाही, ते बघून ठरवा.

येत्या जनगणनेत जातींची नोंद होणार आहे. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावला प्रगणक दाराशी आला की समाजाचं नाव पूर्ण सांगा, पोटशाखेसकट. आणि त्याने काय लिहिलं, ते तिथल्या तिथे वाचून दाखवायला लावा.